पदग्रहणाचे फ्लेक्स उतरले, आता पंधरवड्याच्या बैठकीचं बोलू या

जुलै संपत आला, की तालुक्याच्या गावातल्या चौकांतून रोटरी, लायन्स या सेवाभावी क्लबांच्या पदग्रहणाचे फ्लेक्स उतरायला लागतात. नवे अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांचे सत्कार झालेले असतात, डिस्ट्रिक्टचे, म्हणजे अनेक क्लबांच्या वरच्या विभागाचे, पाहुणे शुभेच्छा देऊन परतलेले असतात. दोन्ही संस्थांचं वर्ष १ जुलै ते ३० जून. ते कसं जाणार हे पहिल्या तीन-चार साध्या बैठकांतच कळतं, म्हणून आत्ताच लिहितोय. माझं मत स्पष्ट आहे: पंधरवड्याची बैठक नीट चालत असेल तरच क्लबची कामं टिकतात. बैठक ढासळली तरी शिबिरं होतात, फोटोही येतात. मात्र सहा महिन्यांनी त्या गावात जाऊन पाहिलं तर मागे काही उरलेलं नसतं.

रोटरीचं नावच मुळी बैठकीवरून पडलंय. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस हे वकील आणि त्यांचे तीन मित्र एकाच्या कार्यालयात जमले. पुढे पाळीपाळीने प्रत्येकाच्या कार्यालयात बसायचं ठरलं, म्हणून ‘रोटरी’. त्या क्लबने शहरासाठी हाती घेतलेलं पहिलं काम होतं सार्वजनिक स्वच्छतागृहाचं. आठवडी बाजाराला खेड्यातून आलेल्या बायकांनी दिवसभर कुठे जायचं, हा प्रश्न आपल्याकडे आजही किती गावांत तसाच आहे! पुढचा प्रकल्प कोणता घ्यायचा यावर बैठकीत चर्चा अडली, तर एवढं लक्षात घ्यावं.

पूर्वी रोटरीत दर आठवड्याला बैठक सक्तीची होती. एखादी चुकली तर दुसऱ्या क्लबच्या बैठकीला जाऊन हजेरी भरून काढावी लागे. २०१६ मध्ये नियम सैल झाले, आता महिन्याला किमान दोन बैठका पुरतात. दुकान, दवाखाना, शेती सांभाळणाऱ्यांसाठी हा बदल योग्यच होता. पण अनेक क्लबांत दोनाची एक झाली आणि बाकीचा क्लब व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला. ग्रुपवर अंगठे भरपूर येतात, जबाबदारी कोणी घेत नाही.

तर बैठक कशी हवी? सव्वा तासाची, आणि घड्याळावर चालणारी. साडेआठची वेळ दिली असेल तर साडेआठला घंटा वाजलीच पाहिजे, समोर सात जण का असेनात. लागोपाठ दोनदा असं झालं की तिसऱ्या बैठकीला माणसं वेळेवर येतात. नऊपर्यंत वाट पाहत बसलं, तर वेळेवर येणारेही पुढच्या वेळी नऊलाच उगवतात. राष्ट्रगीत, वाढदिवस, घोषणा मिळून दहा मिनिटं. मग मागच्या कामांचा हिशेब पंधरा मिनिटं. वक्ता पंचवीस मिनिटं, प्रश्न दहा मिनिटं, पुढच्या कामांची वाटणी दहा मिनिटं, शेवटी आभार. जेवण त्यानंतरच. आधी ठेवलं तर निम्मी मंडळी हात धुऊन थेट गाडीकडे जातात.

सगळ्यात जास्त वेळ खातात ते सत्कार. व्यासपीठावर आठ जण बसवले, तर नाव पुकारणं, बुके, फोटो धरून माणशी दीड मिनिट जातं. म्हणजे बारा मिनिटं झाली. ही बारा मिनिटं भाषणातून कापली जात नाहीत, हिशेबाच्या पंधरा मिनिटांतून जातात. व्यासपीठावर तीन खुर्च्या पुरेत: अध्यक्ष, सचिव, वक्ता. वक्त्याची ओळख दोन मिनिटांत आटपा. त्यांना विषय आणि वेळ फोनवर नीट सांगा आणि प्रोजेक्टरची वायर त्यांच्या लॅपटॉपला बसते का, हे बैठकीच्या आधी अर्धा तास पाहून ठेवा.

हिशेबाची ही पंधरा मिनिटं म्हणजे बैठकीचा जीव. सचिवाने मागच्या इतिवृत्तातलं एकेक काम वाचायचं आणि ज्याचं त्याने उठून सांगायचं: झालं, नाही झालं, कुठे अडलं. त्यासाठी इतिवृत्तही तसंच लिहिलेलं हवं. ‘शाळेच्या पाण्याच्या व्यवस्थेकडे सर्व सदस्यांनी लक्ष द्यावे’ असं लिहिलं की ते काम तिथेच मेलं. ‘जिल्हा परिषद शाळेत हात धुण्याच्या सहा तोट्यांपैकी दोन गळतात, बदलायच्या’ असं लिहा आणि पुढे एकाच सदस्याचं नाव, तारीख, खर्चाची मर्यादा टाका. दोन नावं लिहिली तर दोघंही एकमेकांची वाट पाहतात. इतिवृत्त एका पानात मावावं आणि दोन दिवसांत सगळ्यांना मिळावं. नाही तर पुढच्या बैठकीच्या आदल्या रात्री ते आठवणीने लिहिलं जातं आणि त्यातून नेमकी अवघड कामं गळतात.

गप्पाटप्पा, फेलोशिप हा वेळेचा अपव्यय आहे असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. कोणाकडे टेम्पो आहे, कोणाची भाची नर्स आहे, तहसील कचेरीत नेमका कोणता अर्ज चालतो, हे जेवताना शेजारी बसल्यावरच कळतं. लागोपाठ तीन बैठकांना न आलेल्या सदस्याला अध्यक्षांनी स्वतः फोन करावा. नोटीस पाठवू नये. तो का येत नाही हे ऐकून घ्यावं. नव्या सदस्याला पहिल्या महिन्यातच एखादं छोटं काम द्यावं. नुसत्या टाळ्या वाजवायला बसवलेला माणूस वर्षभरात गळतो.

आता नेत्रशिबिराचं. इथे बैठकीतल्या हिशेबाची किंमत सगळ्यात जास्त आहे. तपासणीच्या दिवशी मंडप, खुर्च्या, चहा हे सगळं नीट होतं. दृष्टी तपासायच्या तक्त्यापासून सहा मीटर मोकळी जागा मिळते का, एवढंही कोणीतरी पाहतं. मोतीबिंदू निघालेल्यांचं रक्तदाब, साखर तपासून त्यांना बसने रुग्णालयात नेलं जातं. शस्त्रक्रिया तिथेच व्हायला हवी, शाळेच्या वर्गात किंवा मंगल कार्यालयात कधीही नाही. जाताना काय सांगायचं तेही ठरलेलं असावं: आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ, रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तसं आधीच सांगायचं. हे सांगितलं नाही की ऐन वेळी दाब किंवा साखर वाढलेली निघते आणि आजीबाई तशाच परत येतात. त्या पुन्हा कधी जात नाहीत.

खरी गळती शस्त्रक्रियेनंतर होते. थेंब सुरुवातीला दिवसातून अनेक वेळा घालायचे असतात आणि मग कमी करत साधारण महिना-दीड महिना चालवायचे असतात. थरथरत्या हाताने घातलेले निम्मे थेंब गालावर सांडतात, पाच मिलीची बाटली आठवड्यात संपते आणि तीच बाटली म्हणजे सगळं औषध, असं समजून उपचार थांबतो. म्हणून दुसरी बाटली पहिल्याच दिवशी सोबत द्या. थेंब घालणारा घरातला माणूस कोण, हे विचारून त्याचाच मोबाइल नंबर लिहून घ्या, आजीबाईंचा नको. डोळा दुखला, लाल झाला किंवा दिसणं कमी झालं तर त्याच दिवशी रुग्णालयात आणायचं, हे त्या माणसाला बजावून सांगा.

यासाठी वही हवी. नाव, गाव, कोणता डोळा, घरच्या माणसाचा नंबर, शस्त्रक्रियेची तारीख, आणि पुढे चार रकाने: दुसऱ्या दिवशीची तपासणी, आठवड्याची, महिन्यानंतरची, चष्मा. पहिले दोन रकाने बहुतेक भरतात. तिसरा आणि चौथा कोरा राहतो, कारण तोवर फोटो छापून आलेले असतात. चष्म्याचा नंबर महिन्या-दीड महिन्याने काढायचा असतो. तो काढलाच नाही तर बाईंना अंगणातलं माणूस ओळखू येतं, पण तांदूळ निवडता येत नाहीत, सुईत दोरा ओवता येत नाही. एवढी मोठी शस्त्रक्रिया करून हातातलं काम परत मिळालं नाही, तर आपण अर्ध्यावर सोडलं असंच मी म्हणेन. चौथ्या रकान्यातले आकडे प्रत्येक बैठकीत मोठ्याने वाचा.

असा पाठपुरावा जमत नाही, असं कोणी म्हणू नये. पल्स पोलिओत आपल्याच लोकांनी तो करून दाखवलाय. डोस दिलेल्या बाळाच्या करंगळीवर शाई, घराच्या दारावर खडूची खूण, मूल सापडलं नाही तर वेगळी खूण आणि त्या घरी पुन्हा फेरी. रोटरीने पोलिओचं काम जगभर १९८५ पासून उचललं होतं. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला आपला सगळा दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. राहिलेल्या घरी परत जाण्याने हे घडलं.

रक्तदान शिबिराची चूक वेगळी आहे. ती तारखेची. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस या दिवशी एकाच शहरात ढिगाने शिबिरं होतात. पण तांबड्या पेशी जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट फक्त ५ दिवस. एका दिवसात गरजेपेक्षा जास्त पिशव्या गोळा केल्या तर त्या वाया जायचा धोका असतो, आणि मे महिन्यात कॉलेजं बंद असताना किंवा दिवाळीच्या सुट्टीत नातेवाईक रक्तासाठी वणवण फिरतात. त्यामुळे तारीख क्लबने ठरवू नये. रक्तकेंद्राला विचारावं: तुमच्याकडे कमी कधी पडतं आणि एका दिवसात किती पिशव्या झेपतील?

बाकीचं गणित सोपं आहे. चढणं-उतरणं, सुई, विश्रांती धरून एका खाटेवर तासाला तीन ते चार दाते होतात. चार खाटांवर साठ पिशव्या घ्यायच्या तर चार ते पाच तास लागतात, शंभरचा आकडा फ्लेक्सवर छापून उपयोग नाही. उपाशी माणसाला बसवू नका, एकादशी आणि श्रावणी सोमवार टाळा. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. दोन रक्तदानांत पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर. हिमोग्लोबिन कमी म्हणून कितीतरी बायका परत जातात. त्यांना नुसतं ‘चालणार नाही’ म्हणून पाठवू नका, आकडा कागदावर लिहून द्या आणि शिबिरातल्या डॉक्टरांशी गाठ घालून द्या. हेल्मेट, बॅग, मिक्सर अशी बक्षिसं तर बंदच करा. वस्तूसाठी आलेला माणूस आजार लपवतो, आणि त्याची झळ ते रक्त घेणाऱ्याला बसते.

झाडांबद्दल थोडक्यात. पाचशे रोपांना उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा दहा-दहा लिटर द्यायचं म्हटलं तर आठवड्याला दहा हजार लिटर पाणी लागतं. ते कोण देणार हे बैठकीत ठरलं नसेल तर पन्नासच लावा: मे महिन्यात दोन फुटी खड्डे, भरपूर शेणखत, पाच-सहा फूट उंचीचं कडुनिंब, करंज, जांभूळ. शाळेतल्या आरओ यंत्राचंही तेच. फिल्टर बदलायचे पैसे दरवर्षी कोण देणार हे आधी लिहून घ्या, आणि सुट्टीनंतर शाळा उघडण्याआधी टाकीतलं शिळं पाणी काढून टाकी धुऊन घ्या.

पैशांची दोन खाती हवीतच. सदस्यांच्या वर्गणीतून हॉल, जेवण, वरच्या कार्यालयाची फी. लोकांनी दिलेली देणगी ट्रस्टच्या खात्यात, आणि तिच्यातून एक कप चहाही नाही. ट्रस्ट असलेल्या क्लबांनी आणखी एक पाहावं. दर जुलैत पदाधिकारी बदलतात. ट्रस्टच्या घटनेनुसार त्यांच्याबरोबर विश्वस्तही बदलत असतील, तर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज ९० दिवसांत गेला पाहिजे. नाही तर कागदावर जुनीच नावं राहतात आणि मोठी देणगी किंवा सरकारी परवानगी मिळायच्या वेळी सगळं अडतं.

हे सगळं पुढच्या जूनपर्यंत सांभाळायचं आणि नव्या सचिवाच्या हाती द्यायचं: इतिवृत्तं, दोन्ही पासबुकं, नेत्ररुग्णांची वही. पदग्रहणाच्या आधी, घरी बसून, एकेक पान दाखवत.

आणि ज्यांच्या क्लबने गेल्या वर्षी नेत्रशिबिर घेतलं, त्यांनी येत्या बैठकीत एवढंच विचारा: महिन्यानंतरच्या तपासणीला किती जण आले आणि चष्मे किती जणांना मिळाले? आकडा मिळाला तर इथे नक्की लिहा.