भुताला काय जमत नाही?

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सध्या एकच विषय. मुलांच्या वाचनपेटीतून भुताच्या गोष्टी काढल्या, म्हणून बापट बेहद्द खूश.

"जादूटोणाविरोधी कायदाच आहे २०१३चा!" त्यांची गर्जना पार सिग्नलपर्यंत गेली असावी.

"तो भोंदूबाबांसाठी आहे," सुमनताई म्हणाल्या. "गोष्टीतल्या मुंजाला पकडायचं तर पिंपळावर चढावं लागेल. चढताय?"

बापटांना कट्ट्यावर बसतानाही हात द्यावा लागतो. मुद्दा तिथेच मिटला.

मंग्याने दिवाळी अंकासाठी गोष्ट लिहून आणली होती, नऊ ते बारा वयासाठी. पहिल्या पानावर मुंडकं, दुसऱ्यावर रक्ताचं थारोळं, तिसऱ्यावर लाइट जाते.

"अख्ख्या मुंबईची?" सुमनताईंनी कागद बाजूला ठेवले. "ती गेली होती १२ ऑक्टोबर २०२०ला, तीही सकाळी दहाला. इथली पोरं हसतील तुला. जिन्यातली एकच ट्यूब फडफडू दे, पुरे. आणि मोबाइलची बॅटरी संपवू नकोस, ते सगळ्यांना पाठ झालंय. पोरीला लिफ्टमध्ये अडकव, रेंज आपोआप जाते."

"आणि रक्त?"

"रक्ताची किळस येते रे, भीती नाही वाटत. आधी आवाज, मग वास, मग मानेला गार काहीतरी. दिसायचं सगळ्यात शेवटी, तेही अर्धवट. धक्के तीन. पहिल्याचं कारण सापडू दे. गव्हाणी घुबड ठेव, ते असं किंचाळतं की मोठ्यांचीही गाळण उडते. दुसऱ्याचं कारण सापडतं पण पटत नाही. तिसऱ्याला कारणच नाही. तू पहिल्यालाच मुंडकं दिलंस, आता वर चढणार कुठे? दीड हजार शब्दांत चौथा धक्का कोंबलास तर नुसती पळापळ होईल."

दीपूला हडळ हवी होती. सुमनताईंनी चकवा सुचवला. तो मारत नाही, वाट चुकवतो. ढगाळ रात्री खुणा दिसेनाशा झाल्या की माणूस खरोखरच गोल फिरतो, वर आपण नाकासमोर चाललोय अशी त्याची खात्री असते. "म्हणजे बापटांचं विज्ञानही खूश."

"आरेत घडवू," मंग्या म्हणाला.

"तिथे बिबट्या आहे," दीपू म्हणाला. "बिबट्या आल्यावर चकव्याला कोण विचारतं?"

"बरोबर. एका गोष्टीत एकच भीती," सुमनताई म्हणाल्या. "मग मुंजाच घे. मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आत गेला बिचारा. त्याला हवं काय? खेळायला गडी. आणि जमत काय नाही? समज, पारावरून खाली उतरणं. हे न जमणं निम्म्या गोष्टीच्या आत सांगून टाक. शेवटी सांगितलंस तर मुलं म्हणतात, लेखकाने ऐनवेळी थाप मारली. नायिका बाराची कर. दहा वर्षांच्या वाचकाला आठ वर्षांचं पोर बाळ वाटतं. आईला सेकंड शिफ्ट, आजीचं कानाचं मशीन टेबलावर. सुटका पोरीनेच करायची. बाबा टॉर्च घेऊन आले की गोष्ट मेली."

"शेवटी भूत नव्हतंच, असं लिहा!" बापट उसळले. "खाली तात्पर्य!"

"म्हणजे ज्याने शेवटपर्यंत विश्वास ठेवला, त्यालाच बावळट ठरवायचं? पोरगी घरी येऊन वरणभात जेवते, एवढा धीर बास. फक्त दप्तरात एक गोटी निघते, जी तिची नसते."

यावर बापटही क्षणभर गप्प झाले, हे नोंदवायला हवं.

"आणि भूत संडासात ठेवू नकोस," सुमनताई उठता उठता म्हणाल्या. "रात्री मुलं जायचीच थांबतात. मग गाद्या धुवायला लेखक येतो का?"

मंग्या मागच्या पानावर भराभर लिहीत होता. "नवीन भूत सापडलं. वानखेडेवरच्या २०११च्या फायनलला याने श्रीलंकेवर पैज लावली होती. हरल्याची भेळ अजून यायची आहे."

"त्याला काय जमत नाही?" दीपूने विचारलं.

"खिशात हात घालणं."

बापट सोडून सगळे हसले, मग बापटही. भेळ दीपूने आणली.