क्यूआर कोड स्कॅन केला की परत तीच पीडीएफ

गीझर घ्या, इन्व्हर्टर घ्या, बॉक्समध्ये हल्ली मॅन्युअलऐवजी नुसता क्यूआर कोड असतो आणि तो मोबाईलवर स्कॅन केला की उघडते काय तर ए४ साइजची पीडीएफ! अरे २१० मिमी रुंदीचं पान जेमतेम ७० मिमीच्या स्क्रीनवर कसं वाचायचं? झूम करा, उजवीकडे सरकवा, परत डावीकडे या, तोवर कुठली ओळ वाचत होतो तेच हरवतं. एरर कोडचं टेबल तर विचारूच नका, कोड एका टोकाला नि उपाय दुसऱ्या. मराठी पान असलंच तर कित्येकदा जुन्या नॉन-युनिकोड फाँटमधलं (दिसायला मराठी, पण आत साठवलेली अक्षरं भलतीच), म्हणजे सर्चही बंद. पीडीएफ १९९३ मध्ये आली तीच मुळी छापील पान जसंच्या तसं दिसावं म्हणून, आणि स्क्रीनप्रमाणे जुळणारं वेबपेज करणं आता अजिबात अवघड नाहीये, डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये, २०१८ पासून लिहिलंय की ३२० सीएसएस पिक्सेल रुंदीतही (साधारण छोट्या फोनच्या स्क्रीनएवढ्या) मजकूर आडवं स्क्रोल न करता वाचता यायला हवा. लाईट गेलीये, इन्व्हर्टर बीप करतोय, माणूस एका हातात फोन धरून अंधारात उभाय, त्याला आधी कंपनीचं स्वागतपत्र आणि अनुक्रमणिका कशाला दाखवता? कुठलं बटण दाबायचं ते पहिल्या ओळीत लिहा ना!