मार्लो जिवंत असतानाच शेक्सपियरचं नाव झालं होतं

माझ्या भाचीच्या कॉलेजच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज तिने मला पाठवला आणि विचारलं, "मामा, हे खरं आहे का?" मजकूर थोडक्यात असा: हातमोजे शिवणाऱ्याचा, विद्यापीठाची पायरी न चढलेला मुलगा, म्हणजे शेक्सपियर, अशी नाटकं लिहूच शकत नाही. खरा लेखक त्याच काळातला नाटककार ख्रिस्तोफर मार्लो. त्याने 1593 मध्ये मेल्याचा बनाव केला आणि तोवर कुणाला ठाऊक नसलेला शेक्सपियर एकाएकी उगवला. इंग्रजी साहित्य शिकणारी मुलं हे न तपासता पुढे ढकलतात, याचा मला राग आहे.

कुणाला ठाऊक नव्हता? मार्लो मेला 30 मे 1593 ला. त्याआधी, 1592 च्या सप्टेंबरात, नाटककार रॉबर्ट ग्रीन वारल्यावर त्याच्या नावाने एक पुस्तिका निघाली. तीत विद्यापीठात शिकलेल्या नाटककार मित्रांना सावध केलंय: आपल्या पिसांनी नटलेला एक उपटसुंभ कावळा आलाय, स्वतःला देशातला एकमेव 'शेक-सीन' समजतो. ही कोटी शेक्सपियरच्या नावावरची. सोबत शेक्सपियरच्या 'सहावा हेन्री' या तीन भागांच्या नाटकातल्या ओळीचं विडंबनही आहे. आणि या मित्रांमध्ये मार्लो होता, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे ज्याच्याबद्दल मार्लोला सावध केलं, तो मार्लोच होता म्हणायचं? आणि अपयशी माणसावर कुणी असा जळतो का? त्याच वर्षी 3 मार्चला लंडनच्या रोझ थिएटरात 'सहावा हेन्री' लागलं, तेव्हा मालक हेन्स्लोने वहीत 3 पौंड 16 शिलिंग 8 पेन्स लिहिले. त्या हंगामातला त्याचा तो सगळ्यात मोठा गल्ला.

एवढं मान्य करतो की त्या नाटकांत मार्लोचा हात असू शकतो. शेक्सपियरच्या नाटकांच्या 2016 च्या न्यू ऑक्सफर्ड आवृत्तीने त्याला सहलेखक म्हटलंय. पण सहलेखक म्हटलं की माणसं दोन झालीच.

सगळ्यात वाईट आहे ते हातमोज्यांचं. बापाच्या धंद्यावरून मुलाची अक्कल ठरवायची, हे आपल्याकडच्या पोरांनी तरी पुढे पाठवू नये. शिवाय मार्लोचा बाप कोण होता? कँटरबरीत जोडे शिवणारा. मग हातमोजे शिवणाऱ्याच्या मुलालाच का जमू नये? शेक्सपियरचा बाप तर 1568 मध्ये स्ट्रॅटफर्डचा नगरप्रमुख होता आणि गावच्या शाळेत लॅटिन शिकवत. त्याच गावच्या, चामडं कमावणाऱ्याच्या मुलाने, रिचर्ड फील्डने, लंडनमध्ये शेक्सपियरचं 'व्हीनस अँड अडोनिस' हे काव्य छापलं.

शेक्सपियरचं नाव पहिल्यांदा छापलं गेलं ते याच पुस्तकात, 1593 मध्ये. तेवढी तारीख मेसेजवाल्यांची बरोबर. पण पुस्तकाची छपाईसाठीची नोंद 18 एप्रिलची आहे, मार्लो तेव्हा जिवंत होता. प्लेगमुळे नाट्यगृहं बंद होती, म्हणून नाटककार कवितेकडे वळला. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या.

बनावाबद्दल एवढंच: मार्लोच्या मृत्यूच्या चौकशीचा कागद लेस्ली हॉटसनने शोधून 1925 मध्ये प्रसिद्ध केला. प्रेत पाहणारे 16 पंच त्यात नोंदलेले आहेत.