जाळलेल्या क्रिप्टोची झळ नेमकी कोणाला?

सध्या एक दावा जोरात फिरतोय: "क्रिप्टो कायमचं नष्ट करणं हा कोणत्याच सरकारला पुसता न येणारा निषेध आहे. ही आजची विदेशी कापडाची होळी." यामागचा संताप मला पटतो, दावा पटत नाही. कोणीतरी यावर विश्वास ठेवून आपली पुंजी किल्ली नसलेल्या पत्त्यावर पाठवून देईल, म्हणून हे लिहितोय. (क्रिप्टो 'जाळणं' म्हणजे हेच: जिथली गुप्त किल्ली कोणाकडेच नाही, त्यामुळे जिथून पैसा कधीच बाहेर काढता येत नाही, अशा पत्त्यावर तो पाठवणं.)

आधी होळीचं बघू. 1921 साली गांधीजींनी परळला कापडाची होळी केली, तिच्यामागे बहिष्कार होता. कपडे जाळणारा पुन्हा मँचेस्टरचं कापड घेणार नव्हता, म्हणजे गिरणीवाल्याचं गिऱ्हाईक तुटत होतं. बिटकॉइन जाळून कोणाचं गिऱ्हाईक तुटतं? एकूण नाणी 2 कोटी 10 लाखांच्या वर जाणारच नाहीत, त्यामुळे जळतील तितकी उरलेली दुर्मीळ होतात. बिटकॉइनचा जनक, खुद्द सातोशी नाकामोतोनं 2010 मध्ये लिहून ठेवलंय की हरवलेली नाणी ही बाकी सगळ्यांना दिलेली देणगीच समजा. ज्याच्याविरुद्ध तुम्ही पेटून उठलात त्याच्याकडे बिटकॉइन असतील, तर त्या देणगीत त्याचाही वाटा आहे.

"संदेश अमर होतो." होतो, पण त्यासाठी काही जाळावं लागत नाही. एप्रिल 2018 मध्ये पेकिंग विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीचं खुलं पत्र चीनमध्ये इंटरनेटवरून भराभर काढलं जात होतं. लैंगिक अत्याचाराच्या जुन्या प्रकरणाची माहिती मागितली म्हणून आपल्यावर दबाव येतोय, असं तिनं त्यात लिहिलं होतं. कोणीतरी ते पत्र इथेरियमच्या, म्हणजे बिटकॉइनसारख्याच दुसऱ्या क्रिप्टो जाळ्याच्या, एका व्यवहारात घातलं. पाठवलेली रक्कम शून्य, खर्च फक्त किरकोळ शुल्काचा. पत्र आजही तिथे आहे. बिटकॉइनमध्ये अशा मजकुराला बरीच वर्षं साधारण 80 बाइटची मर्यादा होती. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं, म्हणजे काना-मात्रा वेगळ्या मोजून जेमतेम 26 चिन्हं. त्यात एक धड घोषणा बसणं मुश्किल!

"कायमचं" हा शब्दही जपून वापरावा. 2016 मध्ये 'द डाओ' या इथेरियमवरच्या सामाईक गुंतवणूक निधीतून सुमारे 36 लाख इथर (इथेरियमचं चलन) चोरीला गेले, तेव्हा इथेरियम वापरणाऱ्या बहुसंख्यांनी व्यवहारांच्या नोंदींची साखळीच (ब्लॉकचेन) दुभंगवून ते परत मिळवले.

दाव्याच्या बाजूनं एकच भक्कम उदाहरण मला ठाऊक आहे. 2022 च्या सुरुवातीला एका अनामिकानं जवळपास हजार बिटकॉइन पत्ते रशियन गुप्तहेर संस्थांचे असल्याचा आरोप साखळीवर नोंदवला आणि त्यापायी 3 लाख डॉलरहून जास्त किमतीचे बिटकॉइन जाळले. इतका पैसा कोणी उगाच घालवणार नाही, म्हणून क्रिप्टो व्यवहारांचा माग काढणाऱ्या 'चेनॅलिसिस'सारख्या कंपनीनंही आरोप गांभीर्यानं घेतले. जाळण्यानं विश्वासार्हता मिळते, हे मान्य. पण युक्रेनवर आक्रमण झाल्यानंतर पुढे त्याच माणसानं जाळणं थांबवलं आणि बिटकॉइन युक्रेनच्या मदतीसाठीच्या पत्त्यांवर पाठवायला सुरुवात केली.