कंसातलं व्हेनिस

तिकिटावर ठळक अक्षरांत व्हेनिस लिहिलं होतं आणि पुढे कंसात, अगदी बारीक अक्षरांत, रावेन्ना. हनिमूनला निघालेलं माणूस कंस वाचत नाही. हे क्रूझ कंपनीला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर कंस असतो.

रावेन्ना ते व्हेनिस जवळजवळ दीडशे किलोमीटर. बसने जायला अडीच तास, यायला अडीच तास, आणि बसचे पैसे वेगळे. धाकटी दाखवून थोरलीशी लग्न लावून द्यावं, तसा हा प्रकार. आणि यात थोरलीचाही अपमानच. रावेन्ना काही ऐरीगैरी नाही. 402 साली पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी तिथे हलवली होती, इटलीचा महाकवी दान्ते तिथेच वारला आणि तिथेच पुरलेला आहे, तिथल्या चर्चमधली मोझाइकं बघायला जगभरातून लोक येतात. आम्ही मात्र जहाजातून उतरलो, त्या शहराकडे पाठ केली आणि बसच्या रांगेत उभे राहिलो.

माहितीपत्रकातला फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. पांढरंशुभ्र जहाज व्हेनिसच्या सान मार्को चौकातल्या मनोऱ्यासमोरून चाललंय, डेकवर एक जोडपं, तिचे केस वाऱ्यावर, त्याचा हात तिच्या खांद्यावर. हा फोटो आज काढायचा म्हटला तरी निघणार नाही. 1 ऑगस्ट 2021पासून 25 हजार टनांवरच्या जहाजांना त्या भागात यायलाच बंदी आहे, आणि आमचं जहाज म्हणजे त्याच्या कितीतरी पट मोठं धूड. बंदी रास्तच आहे. 2019च्या जूनमध्ये असंच एक जहाज ताबा सुटून जुदेक्का कालव्यातल्या धक्क्यावर आणि शेजारी उभ्या असलेल्या पर्यटकांच्या बोटीवर आदळलं होतं. शहराने दार लावून घेतलं ते बरंच केलं. पण मग फोटो बदला की! नसता बदलायचा, तर निदान डेकवरच्या त्या बाईला बसमध्ये बसवा.

असो. बसमध्ये काका भेटले.

आम्ही दोघं पुढच्या सीटवर नुकतेच टेकलो होतो. काका आले, दांडी धरून उभे राहिले आणि कोणाला उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाले, "मागे बसलं की मला मळमळतं." माझ्या नवऱ्यावर चांगले संस्कार आहेत. तो उठला. पण काकांनी त्याला उठू दिलं नाही. "नाही नाही, तुम्ही बसा, तुम्ही मराठी दिसता. आपण गप्पा मारू. ही पोरगी बसेल की काकूंपाशी!" मी मागे काकूंपाशी गेले. लग्नाला जेमतेम पंधरवडा झालेला, आणि माझा नवरा एका निवृत्त गृहस्थाच्या शेजारी बसून व्हेनिसला निघाला होता.

काका पाटबंधारे खात्यातले. गळ्यात पासपोर्टची पिशवी, खिशाला पेन, डोक्यावर टोपी. त्यांना व्हेनिसमधलं चर्च, राजवाडा, काच, मुखवटे यातल्या कशातही रस नव्हता. ते समुद्राची दारं बघायला आले होते.

"अठ्ठ्याहत्तर दारं आहेत," हे मला चार सीट मागे ऐकू येत होतं. "खाडीची तीन तोंडं, त्या तोंडांशी तळाला आडवी टाकलेली. एरवी पोटात पाणी भरून पडून राहतात. भरती येणार असली की आत हवा सोडायची, पाणी बाहेर, दार वर! काय डोकं आहे!"

"वा!" माझा नवरा म्हणाला. तो वा अगदी मनापासून आला होता. माझ्या लग्नातल्या शालूला आला नव्हता.

"2003ला काम सुरू, 2020च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा पुराच्या वेळी दारं उचलली. मधे भ्रष्टाचाराची भानगड झाली, शहराच्या महापौरालाच अटक झाली."

"सतरा वर्षं लागली?"

"मग वेळेतच झालं म्हणायचं," काका गंभीरपणे म्हणाले. हा विनोद नव्हता.

काकू मला म्हणाल्या, "घरीही असंच असतं गं," आणि डोळे मिटून थेट व्हेनिसला उघडले. मला त्या बाईंबद्दल अतोनात आदर वाटला.

व्हेनिसला बस जिथे सोडते तिथे व्हेनिस नसतं, वाहनतळ असतो. तिथून पुन्हा बोट. शहरात शिरायचा कर आणखी वेगळा. हंगामातल्या ठरावीक दिवशी, सकाळी 8.30 ते दुपारी 4 या वेळात, दिवसापुरतं येणाऱ्याने 5 युरो मोजायचे, ऐनवेळी नोंदवलं तर 10. मुक्कामाला राहणाऱ्यांना माफ. काकांनी हे ऐकून क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे राहिलो असतो तर वाचले असते." माझ्या नवऱ्याने मान डोलावली. हॉटेलचं भाडं हा विषय दोघांच्याही डोक्यात आला नाही.

हातात उरले जेमतेम चार तास. त्यात सान मार्कोचा चौक, त्यात ऊन, त्यात गर्दी. पाय दुखले म्हणून पायरीवर टेकले तर कोणीतरी येऊन उठवलं. तिथे पायऱ्यांवर बसायला मनाई आहे. खुर्चीत बसावं तर समोर वाद्यवृंद वाजत असला की कॉफीच्या बिलात संगीताचे पैसे लागतात. या शहरात पाय दुमडला की मीटर सुरू होतो. तरीही शहर सुंदर आहे, हे मला कबूल करावं लागतं आणि त्याचाच राग येतो. वाईट असतं तर परत येताना बसमध्ये मजेत झोपले असते.

मी लग्नाआधीपासून एकच गोष्ट ठरवली होती. गोंडोला, म्हणजे व्हेनिसची ती वल्ह्याची नाव. आख्यायिका अशी की सूर्यास्ताच्या वेळी उसाशांच्या पुलाखालून जाताना गोंडोलात चुंबन घेतलं तर प्रेम अमर राहतं. आमची बस साडेतीनला सुटणार होती. जूनमध्ये सूर्य नवाच्या सुमाराला मावळतो. म्हटलं, दुपारच्या उन्हात घेतलं तर निदान आठ-दहा वर्षं तरी टिकेल.

आम्ही धक्क्यावर रांगेत उभे, आणि मागून आवाज आला. "नव्वद युरो. अर्ध्या तासाचे. पण दर माणशी नाही हं, दर नावेमागे. पाच जण बसू शकतात. पूर्वी सहा बसायचे, 2020मध्ये पाच केले. प्रवासी जाड झाले म्हणे. आपण चौघं. डोईगणिक साडेबावीस."

मी नवऱ्याकडे पाहिलं. लग्नानंतर बायकोच्या एका नजरेतलं सगळं कळायला किती काळ लागतो मला माहीत नाही, पण पंधरवडा पुरत नाही. तो म्हणाला, "साडेबावीस म्हणजे बरंच वाचतं गं."

नावाड्याने आम्हाला बसवलं. तोल सांभाळायचा म्हणून कोणी कुठे बसायचं ते तोच ठरवतो. मागचं लाल गादीचं, जोडप्याचं म्हणून केलेलं आसन त्याने मला आणि काकूंना दिलं. काका आणि माझा नवरा बाजूच्या छोट्या स्टुलांवर, एकमेकांच्या गुडघ्याला गुडघा लावून.

"ही नाव मुळातच वाकडी आहे," काका सुरू झाले. "डावी बाजू उजवीपेक्षा 24 सेंटिमीटरने रुंद. वल्हं एकच ना, उजवीकडे! सरळ बांधली असती तर गोल गोल फिरली असती." नवरा वाकून डावी बाजू बघायला लागला. नाव कलली. नावाडी इटालियनमध्ये काहीतरी बोलला, ते कौतुक नसावं.

"आणि याला कालवा म्हणतात!" काकांनी पाण्यात बोट बुडवून बघितलं. "उतार कुठाय? कालव्याला उतार पाहिजे. ही खाडी आहे, खाडी. भरती-ओहोटीवर चालतंय सगळं. ही घरं बघा, खाली लाकडाचे खुंट ठोकलेत. ते पलीकडचं घुमटाचं चर्च आहे ना, त्याच्या एकट्याच्या खाली दहा लाखांवर खुंट आहेत. चिखलात हवा पोचत नाही, म्हणून फारसं कुजत नाही. आमच्या खात्यात सिमेंट कुजलेलं पाहिलंय मी."

उसाशांचा पूल आला. पांढरा दगड, जाळीच्या दोन लहान खिडक्या, वर टळटळीत ऊन. मी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. त्यानेही, मला वाटतं, पाहिलं असतं. पण काकांनी त्याचा दंड धरला होता. "हा तुरुंगाचा पूल. राजवाड्यात चौकशी, पलीकडे कोठडी. इथून कैद्याला शेवटचं बाहेर दिसायचं."

"अरेरे," नवरा म्हणाला.

काकूंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "फोटो काढा हो आमचा." माझ्या हनिमूनच्या अल्बममधला सगळ्यात देखणा फोटो तो आहे. लाल गादी, मागे पूल, मी आणि काकू.

उतरल्यावर काकांनी पाकीट उघडून चाळीस युरो दिले, पिशवीतून नाणी काढून पाच मोजले आणि माझ्या तळहातावर ठेवले. पै न पै चोख. तक्रार करायलाही जागा ठेवली नाही या माणसाने.

परतीच्या बसमध्ये मी न विचारता काकूंपाशी जाऊन बसले. कंपनीकडून नंतर अभिप्रायाचा अर्ज आला, 'स्वप्ननगरीचा अनुभव कसा वाटला?' त्यात पाचपैकी तारे द्यायची सोय होती, लिहायची नव्हती. मदत क्रमांकावर फोन केला तर पलीकडच्या बाईंनी अत्यंत गोड आवाजात सांगितलं की तिकिटावर सगळं स्पष्ट छापलेलं असतं. मी म्हटलं, कंसात. त्या म्हणाल्या, हो ना, कंसात.

काका पुढच्या वर्षी नेदरलँड्सला चाललेत, नदीवरच्या क्रूझने. तिथे समुद्र अडवायला बांधलेला एक बांध नऊ किलोमीटर लांब आहे म्हणतात. नवऱ्याने तारखा विचारून ठेवल्यात.