‘ताई, अभ्यास वाढवा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात कादंबरीकार नाबोकोव्ह आणि पॅरिसच्या ऑलिम्पिया प्रेसवर लिहिलं होतं, त्याखाली ‘जुना वाचक’ या नावाने एक मोठी प्रतिक्रिया आलीय. खालीच उत्तर द्यायला बसले तर ते एवढं लांबलं की म्हटलं वेगळंच टाकावं. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते. माझं म्हणणं असं होतं की ऑलिम्पियाचा मालक मोरिस जिरोदियास याने नाबोकोव्हचं ‘लोलिता’ पहिल्यांदा छापलं हे खरं, पण त्याने लेखकाला लुबाडलं, आणि त्याला साहित्याचा तारणहार वगैरे म्हणणं थांबवायला हवं. त्यावर जुना वाचक म्हणतात की मी नाकारणाऱ्या अमेरिकन प्रकाशकांची संख्या चुकीची दिली, नाबोकोव्हच्या बायकोचं, व्हेराचं, नाव घेतलं नाही, बारा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करणाऱ्या माणसाची गोष्ट एवढी डोक्यावर घ्यायची का याचा विचार केला नाही, ज्याला म्हणे लुबाडलं तो लेखक म्हातारपणी स्वित्झर्लंडच्या हॉटेलात राहत होता हे सांगितलं नाही. आणि मग हे वाक्य: ‘ताई, भावना बाजूला ठेवा आणि अभ्यास वाढवा, कोणी हात लावत नव्हतं ते पुस्तक त्या माणसाने छापलं हेच उपकार, हिशेब चार महिने उशिरा आला म्हणून रडणाऱ्या लेखकाने स्वतः छापायचं होतं.’

आधी चूक कबूल करते. मी ‘सहा प्रकाशकांनी नाकारलं’ लिहिलं होतं, ते पाच आहेत. व्हायकिंग, सायमन अँड शुस्टर, न्यू डायरेक्शन्स, फरार स्ट्रॉस आणि डबलडे. माझ्याकडून चुकलं, दुरुस्त करते. चूक दाखवल्याबद्दल आभार, मनापासून.

पण ‘ताई’? माझं तुमचं नातं काय? तुम्ही मला ओळखत नाही, स्वतःचं नाव लिहायची तुमची तयारी नाही, आणि ताई म्हणून लगेच अभ्यास वाढवायला सांगताय. एखाद्या पुरुषाने हाच लेख लिहिला असता तर त्याला ‘दादा, भावना बाजूला ठेवा’ असं लिहिलं असतंत? नसतं लिहिलंत. त्याच्याशी वाद घातला असतात. मला वाद चालतो, मी अकरा वर्षं इथे लिहितेय आणि कितीतरी जणांनी मला चुका दाखवल्यात, नीट बोलून दाखवल्यात. तुमच्या प्रतिक्रियेत मुद्दे आहेत पण ज्या सुरात ते सांगितलेत तो सूर माझ्या चांगलाच ओळखीचा आहे. प्रकाशकाच्या टेबलापलीकडे बसून मी तो खूप ऐकलाय. ‘अहो, आम्ही छापलं ना तुमचं?’

म्हणून मी त्या ‘उपकार’ शब्दावरच बोलणार आहे.

१९५५ साली नाबोकोव्ह कोण होता ते बघा. १८९९ मध्ये सेंट पीटर्सबर्गला श्रीमंत घरात जन्म, १९१९ मध्ये क्रांतीमुळे देश सोडला, १९२२ मध्ये बर्लिनमध्ये वडिलांना गोळ्या घातल्या गेल्या, मग वीस वर्षं बर्लिन-पॅरिसमध्ये शिकवण्या करून, टेनिस शिकवून, रशियनमध्ये कादंबऱ्या लिहिल्या, त्या वाचणारे कोण तर तिकडे विखुरलेले रशियनच. १९४० मध्ये अमेरिकेला आला आणि चाळिशीच्या सुमारास लिहायची भाषा बदलून इंग्रजी केली. ‘लोलिता’ १९५३च्या शेवटी पूर्ण झालं तेव्हा तो अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवत होता, आणि नोकरी जाईल या भीतीने हस्तलिखितावर स्वतःचं नावसुद्धा नको म्हणत होता. पाच ठिकाणहून नकार. असा माणूस पॅरिसच्या एजंटबाईंना, दुस्या एर्गाझना, हस्तलिखित पाठवतो आणि त्या जिरोदियासला गाठतात. जून १९५५ मध्ये सही. अडला हरी म्हणतात तो हाच. तुम्ही मोठ्या विजयाने सांगितलंय की नाबोकोव्हने स्वतः पुढे लिहिलं की ऑलिम्पियाच्या यादीत बाकी काय काय असतं (वात्रट पुस्तकंच जास्त) हे माहीत असतं तरी मी बहुधा सही केली असती. हो, लिहिलंय त्याने, पण एवढ्या आनंदाने केली नसती असंही त्याच वाक्यात लिहिलंय, ते तुम्ही गाळलंत. आणि अडलेल्याने केलेली सही ही समोरच्याच्या चांगुलपणाचा पुरावा कधीपासून झाली?

आता ‘हिशेब चार महिने उशिरा’. चार महिने नव्हे हो. करारात वर्षातून दोनदा हिशेब आणि पैसे द्यायचे होते. ते वेळेवर आले नाहीत, पत्रं लिहावी लागली, उत्तरं टाळली गेली, शेवटी १९५७ मध्ये नाबोकोव्हने करार मोडला म्हणून कळवलं. हे सगळं छापील आहे, दोघांनीही आपापली बाजू मांडलीय. पण मला सगळ्यात जास्त काय लागतं ते सांगते, आणि हे मागच्या लेखात दोन ओळींत उरकलं होतं ती माझी खरी चूक. सप्टेंबर १९५५ मध्ये पुस्तक आलं, फिकट हिरव्या कागदी कव्हरचे दोन भाग, पाच हजार प्रती. नाबोकोव्हच्या हातात प्रत पडली. पान उलटल्यावर काय छापलेलं? कॉपीराइट व्ही. नाबोकोव्ह आणि ऑलिम्पिया प्रेस. आणि! त्या एका ‘आणि’ने प्रकाशक लेखकाच्या शेजारी मालक म्हणून येऊन बसला. कोणी विचारलं होतं? तेव्हाचा अमेरिकन कायदा असा होता की परदेशात छापलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या दीड हजारांहून जास्त प्रती अमेरिकेत गेल्या, किंवा पाच वर्षांत तिथे छापलं गेलं नाही, तर तिथला हक्कच जायचा. म्हणजे एकीकडे घड्याळ चालू, दुसरीकडे जिरोदियासला वाटा दिल्याशिवाय अमेरिकेतला कोणी प्रकाशक पुढे येऊ शकत नाही. शेवटी पटनम या अमेरिकन प्रकाशकाने १८ ऑगस्ट १९५८ला काढलं, तीन आठवड्यांत एक लाख प्रती गेल्या, आणि त्या अमेरिकन रॉयल्टीतसुद्धा जिरोदियासचा वाटा होता. तुम्ही याला उपकार म्हणता.

आणि ही एकट्या नाबोकोव्हची तक्रार असती तर म्हटलं असतं की लहरी लेखक आहे. त्याच वर्षी ऑलिम्पियाने जे. पी. डोनलेवीचं ‘द जिंजर मॅन’ त्या वात्रट पुस्तकांच्या मालिकेत घालून काढलं, त्याला न सांगता. तो माणूस वीसेक वर्षं कोर्टात लढला आणि शेवटी ऑलिम्पिया प्रेस दिवाळखोरीत लिलावाला निघालं तेव्हा त्याच्या बायकोने ते विकत घेतलं. एक लेखक स्वतःच्या पुस्तकासाठी प्रकाशनसंस्थाच विकत घेण्यापर्यंत जातो ते उगाच?

जिरोदियास बंदीविरुद्ध लढला हे मी लिहिलं नाही असं तुम्ही म्हणता. डिसेंबर १९५६ मध्ये फ्रान्सच्या सरकारने त्याच्या पंचवीस पुस्तकांवर बंदी घातली, तो कोर्टात गेला, पुस्तिका छापली. ठीक आहे. स्वतःचं दुकान बंद होत असताना कोणीही लढतो.

आता अभ्यासाचं. माझा अभ्यास कुठे झाला ते सांगते, तुम्हीच विषय काढलात.

माझे वडील सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. त्यांचं गाव कोयनेच्या धरणात गेलं. निवृत्तीनंतर चार वर्षं बसून त्यांनी त्या गावावर एक पुस्तक लिहिलं. देवळाची पायरी किती उंच होती, कुणाच्या परड्यात कोणतं झाड होतं, उठताना लोकांनी घराची दारं कशी काढून डोक्यावरून नेली, असं सगळं. पुण्यातल्या एका प्रकाशकाने ते १९९४ मध्ये काढलं. पंचवीस लेखकप्रती, एक शाल, आणि मानधनाचं ‘खप झाला की बघू’. कागदावर करार असा नव्हताच. अण्णा त्या दिवशी पुण्याहून एसटीने परत आले ते पुस्तकांचा गठ्ठा मांडीवर ठेवून, वर टाकायला दिला नाही त्यांनी तो. पुढे दरवर्षी दिवाळीच्या आधी ते एक कार्ड पाठवायचे, खपाचं कळवावे. उत्तर आलं की एकच, अजून पहिलीच आवृत्ती पडून आहे गुरुजी, मराठी वाचतो कोण.

२००३ मध्ये आम्ही एका लग्नाला दुसऱ्या तालुक्याला गेलो होतो, दुपारी वेळ होता म्हणून अण्णा तिथल्या वाचनालयात शिरले, मी बरोबर होते. कपाटात त्यांचं पुस्तक दिसलं. त्यांनी ते काढलं, वाचनालयाचा जांभळा शिक्का बघितला, आणि मग मागचं पान उलटलं. ‘तिसरी आवृत्ती’. खाली ‘© प्रकाशक’. अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला, परत वाचलं. मग म्हणाले, ‘चुकून छापलं असेल गं.’ आणि पुस्तक जागेवर ठेवून दिलं, नीट, रांगेत बसेल असं. गाडीत एक शब्द बोलले नाहीत. त्यांना पैसे नको होते हो. पेन्शन होती, गरजा कमी होत्या. तीन वेळा छापण्याइतक्या लोकांनी आपलं गाव वाचलं हे त्यांना नऊ वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. दिवाळीच्या आधीची ती कार्डं कुणीतरी वाचून बाजूला टाकत होतं आणि पुढची आवृत्ती प्रेसला पाठवत होतं. अण्णा २००९ मध्ये गेले. ती प्रत मी नंतर त्या वाचनालयाला दोन नवी पुस्तकं देऊन मागून आणली, माझ्या टेबलावर आहे.

त्यानंतर मी स्वतः नऊ वर्षं एका दुसऱ्या प्रकाशनात नोकरी केली, मुद्रितं तपासण्यापासून बाइंडरकडून आलेले गठ्ठे मोजून घेण्यापर्यंत सगळं केलं आणि शेवटची चार वर्षं लेखकांच्या मानधनाचं रजिस्टर माझ्याकडे होतं. तिथले मालक सरळ होते म्हणून मला कळलं की हे काम सरळ करता येतं, अजिबात अवघड नाही, एप्रिलमध्ये बसायचं, शिल्लक मोजायची, छापलेल्यातून वजा करायची, चेक लिहायचा. कागदाचे भाव वाढले, ग्रंथालयांची खरेदी अडकली, वितरकाने पैसे दाबले, सगळं खरं असतं, मी ते रोज बघितलंय. पण प्रती किती छापल्या हे लेखकाला सांगायला एक पैसा लागत नाही. एकही पैसा. तुम्ही कधी मोजलेत का गठ्ठे? मला विचारायचा हक्क आहे, कारण तुम्ही मला अभ्यास वाढवायला सांगितलाय.

‘स्वतः छापायचं होतं’ यावर काय बोलणार. कॉर्नेलच्या पगारावर, अमेरिकेतले मोठे प्रकाशक ज्याला खटल्याच्या भीतीने हात लावत नव्हते ते पुस्तक एका निर्वासिताने स्वतः छापायचं? हे तुम्ही विचार करून लिहिलंत का खरंच?

हॉटेलबद्दल. १९६१ पासून तो मॉन्त्रोला हॉटेलात राहिला ते पटनमच्या विक्रीवर आणि सिनेमाच्या हक्कांच्या दीड लाख डॉलरवर. पॅरिसहून त्याला धड हिशेब मिळत नव्हता. आणि समजा लेखक पुढे श्रीमंत झाला, तर आधी त्याचे पैसे दाबलेले माफ होतात?

मुलीवर अत्याचार, मग पुस्तक डोक्यावर का, हा प्रश्न मोठा आहे, पण माझा लेख त्यावर नव्हता आणि इथे मी त्यात शिरणार नाही. एवढंच सांगते की हा वाद आपल्याकडेही होऊन गेलाय. १९५९ मध्ये जयको या प्रकाशनाने मागवलेल्या प्रती मुंबईच्या कस्टम्सने अडवल्या होत्या, ‘करंट’ साप्ताहिकाचे संपादक कराका यांनी तेव्हाचे अर्थमंत्री मोरारजीभाई देसाई यांना पत्र लिहिलं, मोरारजींना ते पुस्तक अश्लीलच वाटलं, आणि प्रकरण नेहरूंपर्यंत गेलं तेव्हा त्यांनी पुस्तक अडवू नये असं ठरवलं. ज्यांना वाचायचंय ते वाचतील. व्हेराबद्दल, हो, हस्तलिखित जाळायला निघालेल्या नवऱ्याला तिनेच थांबवलं, मला माहीत आहे, तिच्यावर वेगळं लिहीन तेव्हा लिहीन.

राहता राहिलं शेवटचं. तुम्ही लिहिलंय की तुम्ही स्वतः ‘या व्यवसायात तीस वर्षं’ आहात. कोणत्या बाजूला ते लिहिलं नाहीत. लेखक असाल तर तुम्हाला शेवटचा हिशेब कधी मिळाला ते इथे लिहा. प्रकाशक असाल तर तुम्ही शेवटचा कधी दिलात ते लिहा. दोन्हीपैकी काहीही लिहिलंत तरी मी ते जसंच्या तसं प्रसिद्ध करीन, एक शब्द गाळणार नाही, शब्द देते.

मूळ लेखात सहाचे पाच केलेत. ‘लुबाडलं’ तसंच ठेवलंय. आणि पुढच्या वेळी ताई लिहू नका, माझं नाव वर लिहिलेलं आहे.