३७० चा आकडा सोडा, आठवडा मोजा

ऑगस्ट आला की अमेरिकन फुटबॉलच्या (एनएफएल) फॅन्टसी लीगच्या, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर खेळायच्या खेळाच्या, ग्रुपांवर ठरलेला वाद सुरू होतो. अमुक रनिंग बॅकने (चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूने) गेल्या मोसमात साडेतीनशे कॅरी केल्या, म्हणजे तितक्या वेळा चेंडू घेऊन धावला, यंदा त्याला झेपेल का? मग कोणीतरी ‘३७० चा शाप’ काढतं: नियमित मोसमात ३७० कॅरी झाल्या की पुढचं वर्ष वाया. पुरावा म्हणून लॅरी जॉन्सनचं नाव हमखास येतं. २००६ साली कॅन्सस सिटीने त्याला ४१६ वेळा चेंडू दिला, आजही तो विक्रम आहे. २००७ मध्ये आठ सामन्यांनंतर पायाच्या दुखापतीने मोसम संपला, सरासरी कॅरीमागे ३.५ यार्डांवर आली.

माझं मत असं की ओझ्याने शरीर झिजतं हे खरंच, पण मोसमाची बेरीज हे त्याचं चुकीचं माप आहे.

एरिक डिकरसनने १९८३ मध्ये, पहिल्याच वर्षी, ३९० कॅरी केल्या. पुढच्या वर्षी ३७९ कॅरींत २,१०५ यार्ड, एका मोसमाचा विक्रम. लाडेनियन टॉमलिन्सनने २००२ मध्ये ३७२ कॅरी केल्या आणि २००३ मध्ये १,६४५ यार्ड धावून वर १०० कॅच घेतले. शाप असता तर हे दोघे सुटले कसे?

शाप दिसतो त्याचं कारण साधं आहे. ३७० कॅरी व्हायला सगळंच जुळून यावं लागतं: बॅक एकही सामना चुकत नाही, समोरची ऑफेन्सिव्ह लाइन (त्याच्यासाठी वाट मोकळी करणारे खेळाडू) धड असते, संघ पुढे असल्यामुळे घड्याळ संपवायला धावाधाव चालू राहते. पुढच्या वर्षी यातलं एक जरी निसटलं तरी आकडा घसरतो, आणि आपण त्याला झीज म्हणतो. डीमार्को मरेचं बघा. २०१४ मध्ये डॅलसमध्ये टायरन स्मिथ, ट्रॅव्हिस फ्रेडरिक, झॅक मार्टिन यांच्या लाइनमागे ३९२ कॅरी, १,८४५ यार्ड. २०१५ मध्ये फिलाडेल्फियात ७०२ यार्ड, ‘संपला’ म्हणून शिक्का बसला. २०१६ मध्ये टेनेसीत १,२८७ यार्ड! शरीर तेच, लाइन आणि धावण्याची पद्धत वेगळी. टेरेल डेव्हिसची गोष्ट त्याहून वाईट. १९९८ च्या ३९२ कॅरींनी त्याचा गुडघा गेला असं अजून सांगतात. १९९९ मध्ये तो गुडघा फाटला तेव्हा चेंडू त्याच्या हातातही नव्हता. इंटरसेप्शननंतर (प्रतिस्पर्ध्याने पास हिसकावल्यावर) तो टॅकल करायला, म्हणजे चेंडूवाल्याला पाडायला गेला होता.

मग मोजायचं काय? पहिलं म्हणजे आठवड्याचा वेग. २०२१ मध्ये डेरिक हेन्रीने पहिल्या आठ सामन्यांत २१९ कॅरी केल्या, म्हणजे सामन्यागणिक २७ हून जास्त. त्या वेगाने १७ सामन्यांत ४६५ झाल्या असत्या. आठव्या सामन्यात पावलाच्या बाहेरच्या बाजूचं, करंगळीकडचं लांब हाड मोडलं. त्या हाडाच्या बुडाशी रक्तपुरवठा कमी असतो, आणि दिशा बदलताना बराच भार पावलाच्या त्याच कडेवर येतो. ११० किलोच्या वरच्या माणसाने आठवड्याला सत्तावीसदा तो भार टाकला तर हाडाला भरून यायला वेळ कुठून मिळणार? तोच हेन्री २०२४ मध्ये, तिशीत, बाल्टिमोरसाठी ३२५ कॅरींत १,९२१ यार्ड धावला. सामन्याला १९ कॅरी. फरक इथे आहे. (पास फेकणारा, म्हणजे क्वार्टरबॅक, लामार जॅक्सन स्वतःही धावतो; तो शेजारी असला की बचावफळी विभागली जाते, हेही विसरू नका.)

दुसरं माप कुठल्याच तक्त्यात दिसत नाही: पास प्रोटेक्शन, म्हणजे पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचं रक्षण. ब्लिट्झवर, म्हणजे क्वार्टरबॅकवर थेट चाल करून, धावत आलेल्या लाइनबॅकरला (बचावाच्या खेळाडूला) जागेवर उभं राहून छातीवर घेणं हे कॅरीत धरत नाहीत, टचमध्येही (कॅरी अधिक कॅच) धरत नाहीत. म्हणून थर्ड डाउनला, म्हणजे पास बहुधा येतो त्या तिसऱ्या प्रयत्नाला, दुसरा बॅक आणणं हा ओझं कमी करण्याचा सर्वात स्वस्त उपाय आहे. मुख्य बॅकच्या कॅरी तेवढ्याच राहतात, धडका कमी होतात.

तिसरं, मधले दिवस. रविवारी मार खाल्ला की दुखणं सोमवार-मंगळवारी चढतं. गुरुवारी सामना असेल तर मध्ये फक्त तीन पूर्ण दिवस. रविवारी २५ कॅरी दिलेल्या बॅकला त्या गुरुवारी १५ च्या वर नेऊ नये, हा माझा ठाम आग्रह. बुधवारच्या सरावातून त्याला सुट्टी, आणि तीन टचडाउनांची आघाडी असेल तर चौथ्या, म्हणजे शेवटच्या, क्वार्टरमध्ये त्याला बाकावर बसवावं. बुमराला इंग्लंडमध्ये २०२५ साली पाचपैकी तीनच कसोट्या खेळवायचं आधी ठरवलं, त्यामागे हाच विचार होता.

फिलाडेल्फियाने २०२४ मध्ये सेक्वान बार्कलीला असंच वापरलं. जायंट्सविरुद्ध १७ कॅरींत १७६ यार्ड झाले आणि चौथ्या क्वार्टरमध्ये त्याला बसवलं. डिकरसनचा विक्रम मोडायला १०१ यार्ड हवे होते, तरी नियमित मोसमाच्या शेवटच्या सामन्यात विश्रांती. मग प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) ९१ कॅरी, ४९९ यार्ड आणि सुपर बोल, म्हणजे विजेतेपद. ती विश्रांती बरोबरच होती, विक्रमाची हळहळ वाटणाऱ्यांनी माफ करावं.

आणि जॉश जेकब्स. २०२२ मध्ये रेडर्ससाठी ३४० कॅरी, १,६५३ यार्ड, लीगमध्ये पहिला. बदल्यात मोठा करार नाही, फ्रँचायझी टॅग (संघ खेळाडूला ठरलेल्या पगारावर आणखी एक वर्ष अडकवून ठेवतो): एका वर्षाचे सुमारे १ कोटी डॉलर. तो मोसमाआधीच्या सराव शिबिराला आला नाही, ऑगस्टच्या शेवटी सही केली, आणि सप्टेंबरात थेट मुख्य बॅकचं काम. २०२३ ची सरासरी ३.५. सगळे म्हणाले, ३४० कॅरींनी खाल्ला. मला तर तयारीशिवाय अचानक पडलेलं ओझं दिसतं. २०२४ मध्ये ग्रीन बेने करार दिला, तो शिबिर करून उतरला: ३०१ कॅरी, १,३२९ यार्ड.